झोपेच्या सवयी आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

गालावर किंवा कपाळाच्या कडेला उमटलेली उशीची रेघ तरुणपणी तोंड धुवून चहा घेईपर्यंत निघून जाते. चाळिशीच्या आसपास तीच रेघ दुपारपर्यंत रेंगाळू लागते आणि पुढे काही जणांच्या चेहऱ्यावर कायमची वस्तीला येते. हे लक्षात आल्यावर माणूस उपाय शोधू लागतो, तेव्हा रेशमी अभ्र्यांच्या जाहिराती, उताणे झोपण्याचा आग्रह, ‘आठ तास झोपा’ हा सल्ला आणि ओळखीतल्या कोणीतरी सुचवलेले रात्रीचे क्रीम हे सगळे एकाच वेळी समोर येते. यातले आधी काय करावे, कशासाठी पैसे खर्च करावेत आणि कशापासून दूर राहावे, हे मात्र सहसा कोणी क्रमाने सांगत नाही. या शोधातून मी स्वतः गेले आहे आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून पुष्कळ गोष्टी समजून घेतल्या आहेत. त्या इथे क्रम लावून मांडते.

सुरुवातीलाच एक भेद मनात पक्का करा, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत. झोपेचा चेहऱ्यावर परिणाम दोन अगदी वेगळ्या वाटांनी होतो. पहिली वाट दाबाची आहे : कुशीवर किंवा पालथे झोपल्यावर गाल, कपाळ आणि हनुवटी उशीवर चेपली जाते आणि त्वचेला ठरावीक जागी घड्या पडतात. दुसरी वाट झोपेच्या प्रमाणाची आणि प्रतीची आहे : झोप अपुरी किंवा तुटक असेल तर त्वचेची रात्रीची डागडुजी नीट होत नाही. पहिल्या वाटेवरचा उपाय कूस बदलण्याचा, दुसऱ्या वाटेवरचा गाढ झोप मिळवण्याचा, आणि पुष्कळदा हे दोन उपाय एकमेकांच्या आड येतात. असा प्रसंग आला की झोपेचीच बाजू घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

- एक वही, आणि फोटो काढण्यासाठी साधा मोबाइल.
- घरातली अशी एक खिडकी, जिच्यासमोर रोज सारखाच उजेड मिळतो.
- मानेला आधार देणारी एक सखल उशी आणि कडेला ठेवायला दोन लोड. लोड नसतील तर घट्ट गुंडाळलेल्या चादरी किंवा गोधड्याही चालतात.
- चार-पाच मऊ सुती अभ्रे, म्हणजे आठवड्यातून दोनदा बदलता येतात.
- सौम्य फेसवॉश, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर आणि किमान एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन.
- सध्या चेहऱ्याला लावत असलेल्या प्रत्येक क्रीमची ट्यूब किंवा खोका. त्यावरचा मजकूर सातव्या पायरीत लागणार आहे, म्हणून तो फेकून देऊ नका.

विशेष उशी, महागडे सीरम, कोलॅजेनची (त्वचेला ताठ ठेवणाऱ्या प्रथिनाची) पावडर यांतले काहीही आत्ता विकत घेऊ नका.

१. आपली सुरकुती कोणत्या जातीची आहे ते ओळखा

सगळ्या सुरकुत्यांना झोप जबाबदार नसते, म्हणून हे काम आधी करावे. खिडकीसमोर उभे राहून उठल्याउठल्या एक आणि संध्याकाळी एक असे चेहऱ्याचे फोटो घ्या. समोरून, डावीकडून आणि उजवीकडून. चेहरा धुतलेला आणि भाव शांत असावा. आठवडाभर असे केले की पुरेसा पुरावा हाती येतो.

भाव व्यक्त करताना पडणाऱ्या सुरकुत्या स्नायूंच्या दिशेला काटकोनात असतात. भुवया उंचावल्यावर कपाळावर आडव्या रेघा पडतात, कपाळाला आठ्या घातल्यावर भुवयांच्या मध्ये उभ्या रेघा दिसतात, हसल्यावर डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यात पंख्यासारख्या रेघा उमटतात. या रेघा साधारणपणे दोन्ही बाजूंना सारख्या असतात.

उशीच्या दाबाच्या सुरकुत्या या नियमाला जुमानत नाहीत. कपाळाच्या कडेला, भुवईच्या वर त्या तिरप्या उतरतात. डोळ्याच्या बाहेरच्या बाजूने गालावर उभ्या येतात. ओठांच्या कोपऱ्यापासून हनुवटीकडे किंवा नाकाच्या बाजूच्या घडीच्या बाहेर समांतर धावतात. हसून, रडून, भुवया उंचावून पाहा : कोणत्याही हावभावाने ती रेघ तयार होत नसेल, सकाळी ती ठळक आणि संध्याकाळी फिकट असेल, आणि एकाच बाजूला जास्त असेल, तर उशीवर संशय घ्यायला जागा आहे.

तिसरा आणि सर्वांत मोठा कर्ता ऊन आहे. उन्हाने पडणाऱ्या सुरकुत्यांबरोबर काळपट डाग, खरखरीतपणा आणि असमान रंग येतो. एकाच बाजूच्या सुरकुत्या पाहून लगेच उशीला दोष देऊ नये, याचे उत्तम उदाहरण वैद्यकीय साहित्यात आहे. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. २८ वर्षे माल पोचवणारा ट्रक चालवल्यामुळे त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेली आणि जाड झाली होती, कारण अतिनील किरणांतला ए गटाचा भाग काचेतून आत येतो. आपल्याकडे गाडीचे चाक उजव्या हाताला असते, त्यामुळे रोज पुणे–मुंबई किंवा नाशिक–मुंबई गाडी चालवणाऱ्याचा उजवा गाल आधी रापतो. तुम्ही झोपता उजव्या कुशीवर आणि गाडीही रोज चालवता, असे असेल तर उजवीकडच्या रेघांचे श्रेय एकट्या उशीला देता येणार नाही.

सावळ्या आणि गव्हाळ त्वचेबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. मेलॅनिन या रंगद्रव्याच्या संरक्षणामुळे भारतीय त्वचेवर सुरकुत्या गोऱ्या त्वचेच्या मानाने उशिरा दिसतात, पण डाग आणि डोळ्यांभोवतीचा काळेपणा लवकर येतो. त्यामुळे ज्याला तुम्ही सुरकुती समजता ती पुष्कळदा रंगाची सावली असते. फोटो वेगळ्या उजेडात काढून पाहिला की हा फरक कळतो.

२. रात्री त्वचेत काय घडते ते समजून घ्या

ही पायरी वाचण्याची आहे. ती वगळली तर पुढचे उपाय नुसते नियम वाटतील आणि चार दिवसांत सुटतील.

दाबाचे गणित सरळ आहे. डोक्याचे वजन उशीवर पडते, हाडाला काही ठिकाणी घट्ट बांधलेली आणि काही ठिकाणी सैल असलेली त्वचा चेपली जाते, ओढली जाते, आणि बांधलेल्या व सैल भागांच्या सीमेवर घडी पडते. प्लास्टिक सर्जनांनी २०१६ साली ‘एस्थेटिक सर्जरी जर्नल’मध्ये या विषयाचा आढावा घेतला, तेव्हा दाब, ताण आणि घसट या तिन्ही बळांचा त्यांनी विचार केला होता. तरुण त्वचेतले इलॅस्टिनचे तंतू घडी पुन्हा सरळ करतात. वयाबरोबर कोलॅजेन कमी होते, लवचिकता घटते आणि रात्री कूस बदलण्याचे प्रमाणही कमी होते; म्हणजे घडी जास्त वेळ राहते आणि ती मोडणारी शक्ती मात्र उणावते. असे असले तरी, झोपण्याची बाजू आणि त्या बाजूचे वार्धक्य यांचा ठळक संबंध न आढळलेली पाहणीही प्रसिद्ध झालेली आहे. त्यामुळे उशीचा दाब हे सुरकुत्यांचे एक कारण आहे, एकमेव नाही, एवढ्याच मापाने त्याकडे पाहावे.

दुसरी वाट शरीरातल्या घड्याळाची. गाढ झोपेच्या टप्प्यात, विशेषतः रात्रीच्या पहिल्या भागात, वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते आणि ऊतींच्या दुरुस्तीला त्याची मदत होते. त्याच काळात कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक सर्वांत खालच्या पातळीवर असते. झोप तोडली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉर्टिसोल जितके उतरायला हवे तितके उतरत नाही, आणि दीर्घकाळ वाढलेले कॉर्टिसोल कोलॅजेनला मारक असते. रात्री त्वचेतून पाणी उडून जाण्याचे प्रमाणही दिवसापेक्षा जास्त असते. रात्री मॉइश्चरायझर लावण्यामागचे खरे कारण हेच.

याचा पुरावा किती आहे, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड येथे ६० महिलांवर झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सर्वाधिक सांगितला जातो. त्यात चांगली झोप घेणाऱ्या महिलांमध्ये वयाने येणारी त्वचेची लक्षणे कमी आढळली, आणि चिकटपट्टी लावून मुद्दाम दुखावलेला त्वचेचा वरचा थर ७२ तासांत त्यांच्यात सुमारे ३० टक्के अधिक चांगला भरून आला. उन्हामुळे येणाऱ्या लक्षणांत मात्र दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. अभ्यास छोटा होता आणि त्याला एका सौंदर्यप्रसाधन कंपनीचे अर्थसाहाय्य होते, हे विसरू नये.

स्वीडनमधला २०१३ सालचा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. १० जणांचे फोटो एकदा ८ तासांच्या झोपेनंतर आणि एकदा ३१ तासांच्या जागरणानंतर घेतले गेले आणि ४० निरीक्षकांनी ते तपासले. जागरणानंतरच्या चेहऱ्यांवर निरीक्षकांना जड झालेल्या पापण्या, लालसर सुजलेले डोळे, गडद वर्तुळे, फिकट त्वचा, खाली झुकलेले ओठांचे कोपरे आणि अधिक बारीक सुरकुत्या दिसल्या. हा एका जागरणाचा परिणाम आहे आणि तो झोप भरून काढल्यावर ओसरतो; नव्याने सुरुवात करणाऱ्याला सर्वांत आधी दिसणारा फरक याच गोष्टींत असतो.

३. दोन आठवडे झोपेची नोंद ठेवा

वहीत रोज पाच गोष्टी लिहा : अंथरुणाला पाठ टेकल्याची वेळ, झोप लागल्याची अंदाजे वेळ, मध्ये किती वेळा जाग आली, उठल्याची वेळ, आणि जाग आली तेव्हा कोणत्या कुशीवर होता ते. शेवटच्या चहा-कॉफीची वेळही नोंदवा. मनगटी घड्याळे झोपेचे टप्पे दाखवतात, परंतु ते अंदाज असतात. तेवढ्यासाठी घड्याळ घेण्याची गरज नाही.

घरातल्या कोणाला तरी विचारून आणखी एक नोंद करा : तुम्ही मोठ्याने घोरता का, आणि घोरताना मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो का? दिवसा अनावर झोप येणे आणि सकाळी डोके दुखणे याला जोडून असेल, तर पाचवी पायरी तुमच्यासाठी नाही. थेट नवव्या पायरीकडे जा.

४. आधी झोप पुरी करा

‘अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन’ने २०१५ साली प्रौढांसाठी रोज किमान ७ तास झोपेची शिफारस केली. वहीतली सरासरी यापेक्षा कमी असेल, तर कूस, उशी आणि क्रीम हे सगळे बाजूला ठेवा आणि इथेच थांबून काम करा. माझ्या पाहण्यात बहुतेक लोक ही पायरी ओलांडून पुढे जातात, कारण अभ्रा विकत घेणे सोपे असते आणि साडेदहाला दिवा मालवणे अवघड.

उठण्याची वेळ पक्की करा. रविवारीही ती तासाभरापेक्षा जास्त पुढे जाऊ देऊ नका. झोपण्याची वेळ आपोआप तिच्यामागे येते. कॅफिन निम्मे उतरायला साधारण ५ तास लागतात, म्हणून संध्याकाळी सातचा चहा रात्री बारालाही अंगात असतो; शेवटचा कप दुपारी चारच्या आसपास घ्यावा. मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटते आणि सकाळी चेहरा सुजलेला दिसतो. रात्रीच्या जेवणात पापड, लोणचे, फरसाण यांचे मीठ जास्त झाले तरी डोळ्यांखालची सूज वाढते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे. मुंबईसारख्या शहरात कामावरून घरी पोचायलाच नऊ वाजतात, हे मला ठाऊक आहे; अशा वेळी संध्याकाळी स्थानकावर किंवा कार्यालयात थोडे पोटभर खाऊन घ्यावे आणि रात्री मुगाची खिचडी किंवा भाकरी-भाजीसारखे हलके जेवावे, एवढी तडजोड बहुतेकांना जमते.

रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, एमआयडीसीतले कामगार आणि परदेशी वेळेनुसार काम करणारे संगणक अभियंते यांना वरचे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. सकाळी घरी परतताना गडद चष्मा लावावा, म्हणजे उजेडामुळे मेंदूला दिवस सुरू झाल्याचा इशारा मिळत नाही. झोपायच्या खोलीला जाड, गडद पडदे लावावेत आणि झोपेचे तास घरच्यांना सांगून ठेवावेत, कारण दुपारी दाराची घंटा वाजवणारा कुरिअरवाला झोपेचा सर्वांत मोठा शत्रू असतो. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर पूर्ण उपाय हाती नसतो; तरीही एकूण तास भरून काढल्याने चेहऱ्यावरचा थकवा नक्की कमी होतो.

५. कूस बदलून पाहा, पण आधी ही यादी वाचा

उताणे झोपल्यावर चेहऱ्यावर कोणताही दाब येत नाही, हे खरे आहे. तरीही पुढील व्यक्तींनी उताणे झोपण्याचा आग्रह धरू नये :

- घोरणारे आणि झोपेत श्वास अडखळणारे, कारण उताणे झोपल्यावर जीभ आणि घशाचे मऊ भाग मागे पडून श्वासमार्ग आणखी अरुंद होतो.
- गरोदर महिला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत; या काळात कुशीवरच झोपण्याचा सल्ला दिला जातो.
- रात्री छातीत जळजळणारे. त्यांना डावी कूस अधिक मानवते.
- ज्यांना कंबरदुखीमुळे उताणे झोपणे सोसत नाही असे लोक.

यात तुम्ही बसत नसाल, तर सखल उशी मानेखाली घ्या, गुडघ्यांखाली एक लोड ठेवा म्हणजे कमरेवरचा ताण कमी होतो, आणि दोन्ही कुशींना एकेक लोड लावा, म्हणजे झोपेत शरीर सहज वळत नाही. सुरुवात दुपारच्या डुलकीपासून किंवा रात्रीच्या पहिल्या तासापासून करा. मध्यरात्री जाग आल्यावर आपण कुशीवर आहोत असे दिसले, तर तसेच झोपून जा. प्रौढ माणसे रात्रीचा निम्म्याहून अधिक वेळ कुशीवरच काढतात; ही सवय चार दिवसांत मोडत नाही आणि ती मोडण्यासाठी रात्रभर जागे राहणे म्हणजे दुसऱ्या वाटेने तेवढेच नुकसान करून घेणे.

कूस सोडवतच नसेल, तर डोक्याचे वजन गालाऐवजी कवटीच्या हाडावर घ्यावे. उशीची कड कानाच्या पुढे येऊ न देता तिथेच संपवा, म्हणजे कानशिलाच्या मागचा भाग उशीवर राहतो आणि गाल कडेबाहेर मोकळा राहतो. छातीशी एक लोड कवटाळला की खांदा पुढे कोसळत नाही आणि चेहरा उशीत घुसत नाही. हात गालाखाली घेऊन झोपण्याची सवय असेल तर ती आधी सोडा. तळहाताचा दाब उशीपेक्षा कठीण असतो. डाव्या-उजव्या कुशी आलटून पालटून घेतल्याने दाब किमान वाटला जातो. पालथे झोपणे मात्र चेहरा आणि मान दोघांनाही सर्वांत वाईट, ते सोडवण्यासाठी थोडा त्रास सोसावा.

६. उशी आणि अभ्रा

रेशमी किंवा सॅटिनच्या अभ्र्यावर घसट कमी होते, एवढे तर्काला धरून आहे. पण घसट कमी झाली तरी डोक्याचा दाब तोच राहतो, आणि अशा अभ्र्याने सुरकुत्या कमी होतात असा भक्कम पुरावा नाही. परवडत असेल आणि मऊ वाटत असेल तर वापरा, औषध म्हणून घेऊ नका. मध्ये खाच असलेल्या विशेष उश्यांबद्दलही माझे मत हेच आहे. सावरीची किंवा कापसाची जुनी उशी गोळे होऊन कडक झाली असेल, तर ती पिंजून किंवा बदलून घेणे हा जास्त शहाणपणाचा खर्च आहे.

आपल्या घरांत अधिक महत्त्वाचा विषय खोबरेल तेलाचा आहे. रात्री डोक्याला तेल लावून झोपले की ते अभ्र्यात उतरते आणि तिथून कपाळावर आणि गालावर येते. कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या येण्याचे हे नेहमीचे कारण आहे. तेल सोडण्याची गरज नाही. न्हाण्यापूर्वी तासभर लावा, किंवा रात्री लावायचेच असेल तर केस सुती फडक्यात बांधून झोपा आणि अभ्रा दुसऱ्या दिवशी धुवायला टाका.

७. रात्रीची निगा, आणि सर्वांत धोकादायक सापळा

चेहरा कोमट पाण्याने धुवा, किंचित ओला असतानाच मॉइश्चरायझर लावा. कोकणच्या दमट हवेत पातळ जेल पुरते. विदर्भ-मराठवाड्याच्या हिवाळ्यात, वातानुकूलित खोलीत किंवा परदेशातल्या हीटरच्या कोरड्या हवेत दाट क्रीम लागते.

सुरकुत्यांवर लावण्याच्या औषधांत सर्वाधिक पुरावा रेटिनॉइड गटाचा, म्हणजे अ जीवनसत्त्वाशी नाते असलेल्या औषधांचा आहे. रेटिनॉल सौंदर्यप्रसाधन म्हणून दुकानात मिळते. ट्रेटिनॉइन अधिक प्रभावी आहे, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावे. वाटाण्याएवढा थेंब संपूर्ण चेहऱ्याला पुरतो. आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरुवात करा, त्वचा सोलवटली किंवा चुरचुरली तर एक रात्र वगळा, आणि फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात हे गृहीत धरा. गरोदर असलेल्यांनी किंवा गर्भधारणेचा विचार करत असलेल्यांनी हा गट वापरू नये.

आता सापळा. औषधाच्या दुकानात ‘नाईट क्रीम’ किंवा ‘गोरेपणाचे क्रीम’ म्हणून जे हातात पडते, त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असते. तुमच्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसते का ते आज रात्रीच पाहा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांचे त्रिमिश्रण डॉक्टर ठरावीक आजारासाठी ठरावीक काळ देतात; ते महिनोन्‌महिने रोज लावण्यासाठी नसते. सुरुवातीला चेहरा खरोखरच उजळतो आणि म्हणूनच माणूस फसतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ आणि लव वाढते, आणि क्रीम थांबवले की भयंकर आग होते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’ असे स्वतंत्र निदान दिले आहे, आणि २०१८ साली सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती सहज मिळतात. सुरकुत्या घालवायच्या म्हणून त्वचा पातळ करणारे औषध लावणे याहून उलटे काही नाही, आणि चांगल्या घरांतल्या शिकलेल्या मुली याला बळी पडताना पाहून मला फार वाईट वाटते. असे क्रीम बरेच दिवस लावत असाल, तर ते कसे बंद करायचे हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

ओठांवर चिकटपट्टी लावून, तोंड बंद ठेवून झोपण्याची पद्धतही सध्या पसरली आहे. झोपेत श्वास अडखळणाऱ्यांसाठी ती धोक्याची आहे. ती करू नका.

८. सकाळ

थंड पाण्याचे हबके आणि थोडे चालणे एवढ्याने डोळ्यांखालची सूज बरीच उतरते. सूज रोजची असेल तर पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू थोडी उंच करा. दोन-तीन उश्या रचल्याने मान वाकते आणि गळ्यावर आडव्या घड्या पडतात.

काळी वर्तुळे केवळ झोपेची नसतात. आरशात पाहून खालची पापणी हलकेच ताणा : काळेपणा त्वचेबरोबर सरकत असेल तर तो रंगद्रव्याचा, आणि उजेडाची दिशा बदलल्यावर नाहीसा होत असेल तर खोलगटपणाची सावली. सर्दी-शिंका असलेले लोक डोळे चोळतात आणि त्या चोळण्यानेही त्वचा काळवंडते. तिथे ॲलर्जीचा उपचार हाच खरा उपचार.

त्यानंतर सनस्क्रीन. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतके, दोन रेघा, चेहरा आणि मानेसाठी घ्यावे आणि उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. पावसाळ्यातही आणि गाडीच्या काचेमागेही लावावे. ही पायरी गाळली तर रात्री मिळवलेले दिवसा घालवाल.

९. डॉक्टरांकडे कधी जावे आणि काय न्यावे

तीन महिने वरच्या पायऱ्या पाळूनही फरक नसेल, स्टिरॉइड वापरले असेल, किंवा चेहऱ्यावर अचानक बदल झाला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. घोरणे आणि श्वास थांबणे असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा छातीरोगतज्ज्ञांकडे, कारण तिथे रात्रभराची झोपेची तपासणी लागू शकते आणि तो प्रश्न चेहऱ्याहून कितीतरी मोठा आहे.

बरोबर न्यायच्या वस्तू : पहिल्या पायरीतले फोटो, झोपेची वही, सध्याच्या सगळ्या क्रीमच्या ट्यूब, चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या, आणि थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब यांचे अलीकडचे अहवाल असतील तर तेही.

बोटॉक्सचा विषय निघाला तर हा प्रश्न अवश्य विचारा : ही रेघ स्नायूमुळे पडलेली आहे की दाबामुळे? बोटॉक्स स्नायू सैल करते, म्हणून आठ्यांवर ते उपयोगी पडते. उशीच्या दाबाच्या रेघेत स्नायूचा हात नसल्याने तिथे त्याची मजल तोकडी पडते. फिलरने, म्हणजे त्वचेखाली टोचून भरायच्या पदार्थाने, घडी भरता येते, परंतु त्याच कुशीवर त्याच उशीत गाल चेपत राहिला तर ती पुन्हा पडू शकते. ही इंजेक्शने ब्यूटी पार्लरमध्ये कधीही घेऊ नका. चुकीच्या जागी गेलेले फिलर रक्तवाहिनी बंद करून त्वचा मारू शकते आणि क्वचित दृष्टीही घालवू शकते, म्हणून नोंदणीकृत डॉक्टर, वापरायच्या औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक लिहिलेली पावती, आणि काही बिघडल्यास रात्री कोणाला फोन करायचा याचे उत्तर, या तीन गोष्टी हाती आल्याशिवाय खुर्चीत बसू नका.